अर्धं आडनाव

केय्योनच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीत
मी सकाळी सहाला बसते.
हीटरवर किटली, काचेवर बाहेरून मीठ.
मेलिन्काची बोट सातला सुटते.

प्रवाशांची यादी पुएर्तो मोन्तहून येते,
म्हणजे येत नाही, तिथेच असते,
आम्हा सगळ्या बंदरांच्या सामाईक फोल्डरात.
मी ती माझ्याकडे उतरवून घेते
आणि छापते.

त्या दिवशी फोल्डरने सांगितलं:
यादी सहा वाजून चार मिनिटांची,
लांबी इतकी इतकी.
मी किटली उतरवली, कपात ओतलं,
आणि तेवढ्यात, बरोबर तेवढ्यात,
तिकडे रात्रपाळीच्या नाल्दाने
चार आजारी माणसं यादीत सगळ्यात वर घातली.
(आजारी वर. तसा नियमच आहे.)
यादी वाढली. तिची वेळ बदलली.
माझ्या यंत्राला हे कुणी कळवलं नाही
आणि त्यानं विचारलं नाही.
आत्ताच तर विचारलं होतं, असं म्हणालं असेल,
इतक्यात काय बदलतंय!

मग ते जुन्या मापाचं भांडं घेऊन गेलं
आणि काठोकाठ भरून परत आलं.
काही सांडलं नाही, फुटलं नाही.
मावलं नाही ते तिकडेच राहिलं.
कागदावर चारही आजारी नीट होते
आणि तळाशी शेवटचं नाव:
एलेउतेरिओ मिल्या

त्याच्याखाली तीन माणसं असायला हवी होती.
ती समोर उभी होती,
एका बाईच्या काखेत कोंबडी.

आणि डॉन एलेउतेरिओ, ओल्या लोकरीच्या वासाचा,
बटाट्याचं पोतं पायाशी,
खिडकीतून वाकून आपलं नाव वाचत होता.
बराच वेळ वाचलं. मग म्हणाला,
"आमच्या जुन्या भाषेत मिल्या म्हणजे सोनं,
लोन्को म्हणजे डोकं.
सोनं ठेवून घेतलंत, पोरी,
डोकं तेवढं छाटलंत."

कप्तान निवाल्दो घड्याळ दाखवायला लागला.
लाइफ जॅकेटं यादीप्रमाणे मोजतात.
मी मोन्तला फोन केला, फाब्रिसिओ जांभई देत म्हणाला,
घाई केलीत, सेन्योरा.
दहा सेकंद जुन्यावरच भागवतं ते,
हेलपाटे वाचावेत म्हणून.
अकराव्या सेकंदाला परत विचारलं असतं.

मी पेनानं लोन्को लिहिलं,
खाली तिघांची नावं, त्यांनाच विचारून.
कोंबडीवाल्या बाईनं स्पेलिंग दोनदा सांगितलं.
आणि पोतं तराजूवर चढत होतं तेव्हा,
काहीतरी बोलायचं म्हणून, ओशाळून, मी म्हटलं,
"डोन्या ओर्तेन्सिया बऱ्या आहेत ना?"

माझ्याकडे ती अजून बाजाराच्या कोपऱ्यावर
गरम मिल्काओ विकत होती,
चुलीच्या धुराने डोळे बारीक केलेले,
सुट्टे नसले तर म्हणायची, राहू दे, उद्या.

"मे महिन्यात गेली," तो म्हणाला.
"तुला कुणी कळवलं नाही?"

एकोणतीस किलो, मी लिहिलं.
बाजार खिडकीपासून दोन गल्ल्यांवर आहे.

सात वाजून अकरा मिनिटांनी बोट सुटली.
मी फोल्डर पुन्हा उघडला.
आता सगळं बरोबर होतं, वेळ, लांबी,
मिल्यालोन्को, त्याच्याखालचे तिघे,
सगळी आपापल्या ओळीत,
आणि धक्क्यावर कुणी नाही.

कप गार झाला होता.
मी पुन्ता अरेनासला बहिणीला फोन लावला.
रिंग जात राहिली.
या वेळेला ती उठलेली असते.
असायची.